चेहऱ्याविना माहितीपट

कॅमेऱ्यासमोर बसणाऱ्या व्यक्तीकडून चित्रीकरणापूर्वी एका कागदावर सही घेण्याची रीत माहितीपटाच्या व्यवसायात जुनी आहे. आपले चित्र, आवाज आणि बोलणे निर्मात्याला कोणत्याही माध्यमात, जगभर आणि कायमचे वापरता येईल, असा त्या कागदाचा साधारण आशय असतो आणि बहुतेक माणसे तो न वाचताच सही करतात. नागपुरात लग्नांचे व्हिडिओ, शासकीय योजनांच्या चित्रफिती आणि स्वयंसेवी संस्थांचे छोटे माहितीपट करत माझी उमेदीची वर्षे गेली, आणि त्या काळात असे फॉर्म मी गठ्ठ्याने भरून घेतले. विदर्भातल्या समलैंगिक स्त्रियांवर ५२ मिनिटांचा माहितीपट करायला घेतल्यावर मात्र त्या कागदानेच चित्रपटाचे रूप ठरवले. कोणती चौकट घ्यायची, कोणता आवाज ठेवायचा, चित्रपट कुठे दाखवायचा आणि कुठे नाही, हे सगळे संमतीच्या प्रश्नातून ठरत गेले. मी स्वतः लेस्बियन आहे आणि माझी जोडीदार व मी नागपुरातच एकत्र राहतो, त्यामुळे हा प्रश्न मला बाहेरून सोडवण्याचा नव्हता.

कॅमेरा मी सीताबर्डीतल्या एका लग्नाच्या स्टुडिओत शिकले. या धंद्यात मुली फारशा नव्हत्या, पण मालकाला मी सोयीची वाटले, कारण हळदीच्या आणि मेंदीच्या वेळी नवरीच्या खोलीत पुरुष कॅमेरामन नको असे अनेक घरांचे म्हणणे असायचे. बंद दाराआड बायका एकमेकींशी कशा बोलतात, कोण कोणाचा हात किती वेळ धरून ठेवते, पाठवणीच्या आदल्या रात्री नवरीची एखादी मैत्रीण कोपऱ्यात का बसून राहते, हे मी तिथे पाहिले. अर्थात त्यातले बरेचसे संकलनात कापून टाकावे लागे, कारण ग्राहकाला सनई आणि अक्षता हव्या असत.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७चा प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना लागू होणारा भाग रद्द ठरवला. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९मध्ये दिलेला दिलासा डिसेंबर २०१३मध्ये काढून घेतला गेल्याचे आम्ही अनुभवले असल्यामुळे त्या दिवशीच्या आनंदात थोडी धास्तीही होती. नागपुरात लैंगिक अल्पसंख्याकांसाठी सारथी ट्रस्टसारखी संस्था काम करत होती, शहरात प्राइड मार्चही निघत होते. पण वाहिन्यांच्या कॅमेऱ्यांपुढे येऊन बोलणाऱ्यांत प्रामुख्याने समलैंगिक पुरुष आणि तृतीयपंथी व्यक्ती असत. स्त्रिया तुरळकच दिसत, आणि ज्या येत त्यांच्यातल्या काही तोंडाला ओढणी बांधून येत. नागपूरच्या उन्हात स्कूटीवरून जाणारी प्रत्येक मुलगी तशीच ओढणी बांधते, त्यामुळे कोणाला त्यात वावगे वाटत नसे, ही सोय मला तेव्हापासून लक्षात राहिली आहे.

दोन स्त्रियांच्या सहजीवनाला आपल्याकडे एक विचित्र संरक्षणही मिळते. मुलगा आणि मुलगी एकत्र राहणार म्हटल्यावर धरमपेठेपासून मानेवाड्यापर्यंत घरमालक कपाळाला आठ्या घालतो. दोन मुली राहणार म्हटल्यावर त्याला बरेच वाटते. आम्हाला कोणी ओळखत नाही म्हणून आम्ही सुखरूप असतो, आणि माहितीपट म्हणजे तर ओळख करून देणे. २०२२च्या सुरुवातीला नागपुरातल्या दोन महिला डॉक्टरांच्या अंगठी-समारंभाची बातमी देशभर झळकली, तेव्हा आमच्या ओळखीतल्या कितीतरी जणींना आनंद झाला आणि त्याच दमात, हे आपल्याला जमणारे नाही, असेही त्या म्हणाल्या. ज्यांना ते जमणारे नाही त्यांच्यावर चित्रपट करावा, हे मी तेव्हा ठरवले.

जाहिरात देण्याचा प्रश्नच नव्हता. एकीने दुसरीचे नाव सुचवावे, दुसरीने आधी स्वतः माझ्याविषयी चौकशी करावी आणि मग भेटावे, अशा रीतीने पाच स्त्रिया तयार झाल्या: एक शिक्षिका, एक परिचारिका, यवतमाळ जिल्ह्यातली एक शेतकरी गृहिणी, आणि नागपुरातच तीसेक वर्षे एकत्र राहिलेल्या दोन निवृत्त कर्मचारी. (ओळख पटेल असे तपशील इथेही बदलले आहेत.) यवतमाळच्या बाईंनी पहिल्याच भेटीत चहा पुढे करत विचारले, "तुमचा चेहरा दिसन का त्याच्यात? नाही दिसन, तं मंग आमाले काहून इचारता?" हा प्रश्न रास्त होता. चित्रपटात मी स्वतः चेहऱ्यानिशी आणि नावानिशी असेन, असे मी तिथेच सांगितले. माझा उदरनिर्वाह अजूनही लग्नांच्या कामावर चालत असल्यामुळे याची किंमत मोजावी लागेल हे दिसत होते, आणि पुढे ती लागलीच. एका घराने ठरलेले काम काही कारण न देता रद्द केले, तर दुसऱ्या एका घरातल्या आजींनी मुद्दाम फोन करून, नवरीच्या खोलीत तूच ये, असे सांगितले. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यातल्या आहेत.

संमतीपत्राचा मसुदा माझ्या एका वकील मैत्रिणीबरोबर बसून मराठीत तयार केला. मुद्रांक कागद वापरायचा नाही हे पहिल्यांदा ठरले, कारण आमच्या भागात मुद्रांक कागद पाहिला की माणसाला शेताचा वाद नाहीतर सावकाराचे कर्ज आठवते. साध्या कागदावर, मोठ्या अक्षरात, मोठ्याने वाचून दाखवता येईल अशा वाक्यांत तो लिहिला. एकदाच घेतलेली सही पुरेशी मानायची नाही, हे त्यातले मुख्य कलम होते. पहिली संमती केवळ बोलण्यापुरती, कॅमेरा आणि रेकॉर्डर बंद असताना. दुसरी चित्रीकरण झाल्यावर, कारण आपण काय बोलणार आहोत हे माणसाला बोलण्यापूर्वी ठाऊक नसते. तिसरी संकलनाचा कच्चा आराखडा पाहिल्यावर. संकलन पक्के होईपर्यंत कोणीही, कारण न देता, पूर्ण किंवा अंशतः माघार घेऊ शकेल, आणि त्यानंतरही महोत्सव, दूरचित्रवाणी आणि इंटरनेट यांसाठी वेगवेगळी परवानगी राहील, असे त्यात होते. अनुदान देऊ पाहणाऱ्या एका संस्थेला हे मान्य झाले नाही. संमती मागे घेता येणार नाही अशी ओळ असलेला त्यांचा ठरलेला फॉर्म भरून घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यांची अडचण मला समजते, कारण ज्या चित्रपटातला कोणताही तुकडा केव्हाही निखळू शकतो त्यात पैसे गुंतवणे कोणालाही कठीण जाईल. ते अनुदान मी नाकारले आणि हा चित्रपट मुख्यतः लग्नाच्या दोन हंगामांच्या कमाईवर झाला.

या कागदाची एक बाजू मात्र वकिलाच्याही आधी माझ्या जोडीदाराच्या लक्षात आली. चेहरा झाकला, आवाज बदलला, गावाचे नाव गाळले, तरी सही केलेले संमतीपत्र आमच्याच कपाटात राहणार आणि त्यावर खरे नाव असणार. म्हणजे घरातला सर्वांत धोक्याचा कागद तोच. त्यामुळे मूळ प्रती वकिलाकडे बंद पाकिटात ठेवल्या आणि आमच्या नोंदींत, फाइलींच्या नावांत, हार्ड डिस्कवरच्या चिठ्ठीत सगळीकडे झाडांची नावे वापरली. पळस, मोह, बेल, साग, चिंच. मोबाइलवर टिपलेल्या छायाचित्रांत आणि चित्रफितींत जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप नोंदले जातात. ती सोय सर्व फोनवर बंद केली आणि मूळ साहित्याच्या दोन्ही प्रती पासवर्डने कुलूपबंद ठेवल्या.

चित्रीकरण त्यांच्या घरी करणे शक्य नव्हते, म्हणून ते बहुतांशी नागपुरात एका मैत्रिणीच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये झाले. मार्च २०२३पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले आणि नागपूरला कापड घ्यायला जाते असे सांगून येणे थोडे सोपे झाले, याचा उल्लेख त्या योजनेच्या फायद्यांत कोणी केला नसेल. काम मात्र एप्रिल-मे महिन्यांतच करावे लागले, कारण शाळेला सुटी तेव्हा असते आणि शेतीचे काम थोडे थांबलेले असते. नागपुरात पारा ४५ अंशांवर गेला असताना बंद खोलीत मुलाखत ध्वनिमुद्रित करायची म्हणजे कूलर बंद करणे भाग, कारण त्याची घरघर प्रत्येक शब्दाखाली येऊन बसते आणि नंतर ती काढू गेल्यास आवाजही पोकळ होतो. कूलर बंद केला की दहा-बारा मिनिटांत बोलणाऱ्या बाईच्या हनुवटीवरून घाम ओघळू लागे. तेवढ्या वेळात एक विषय बोलायचा, मग कूलर लावून टरबूज खायचे, मग पुन्हा बसायचे. या खंडित पद्धतीचा एक फायदा असा झाला, की मधल्या वेळात त्या आपणहून काही सांगत आणि पुन्हा कूलर बंद झाल्यावर, ते घ्यायचे की नाही, हे त्या स्वतः ठरवत.

चेहरा लपवण्याच्या प्रचलित युक्त्या मी आधी तपासून पाहिल्या. चेहऱ्यावर चौकोनी ठिपके टाकले की माणूस गुन्हेगार वाटतो, कारण बातम्यांनी आपल्या डोळ्यांना तशी सवय लावली आहे. खिडकीसमोर बसवून काळी आकृती घेतली तर जवळच्या माणसाला मान आणि खांदे पुरेसे असतात. आईला आपली मुलगी पाठमोरीही ओळखू येते. त्यामुळे चित्रीकरण हातांवर, पावलांवर आणि वस्तूंवर केंद्रित केले, आणि मग हातही बोलके असतात हे ध्यानात घेऊन अंगठ्या, गोंदण, बांगड्यांची ठेवण, भाजल्याचा डाग अशा प्रत्येक गोष्टीविषयी जिची ती वस्तू किंवा खूण तिला विचारले. परिचारिकेने घड्याळ काढून ठेवले, कारण ते वॉर्डात सर्वांना माहीत होते. यवतमाळच्या बाईंनी मंगळसूत्र दिसू द्यायचे ठरवले आणि त्याचे कारण चित्रपटातही स्वतःच सांगितले: ते आहे म्हणूनच मैत्रिणीच्या घरी मुक्काम करता येतो, कोणी शंका घेत नाही. चौकटीत दिनदर्शिका, लग्नपत्रिका, औषधाची पिशवी, दुकानाचा पत्ता असलेली थैली यांपैकी काही येत नाही ना, हे पाहण्याचे काम एका सहायिकेकडे होते. आवाजांचेही तसेच असते. ठरावीक वेळेची अजान, एखाद्या देवळाची घंटा, रेल्वे फाटकाचा भोंगा यांवरून वस्ती ओळखता येते, म्हणून पार्श्वभूमीचा आवाज सगळीकडे त्या फ्लॅटमधलाच वापरला.

बोलणाऱ्यांचा आवाज हा याहून कठीण प्रश्न होता. संगणकावर आवाजाची पट्टी बदलून तो जाड किंवा बारीक करता येतो, पण तीच क्रिया उलट केल्यास मूळ आवाजाच्या बराच जवळ पोहोचता येते. शिवाय तसा आवाज ऐकणाऱ्याला राक्षसी वाटतो. त्यामुळे ज्यांना आवाज द्यायचा नव्हता त्यांचे बोलणे दुसऱ्या स्त्रीकडून पुन्हा म्हणवून घेण्याचे ठरले. पुण्या-मुंबईच्या कलावंत मिळाल्या असत्या, पण त्यांच्या तोंडची वऱ्हाडी विनोदी मालिकेतली वाटली असती. झाडीपट्टी रंगभूमीवरची एक कसलेली नटी तयार होती. तिचा आवाज अप्रतिम होता, मात्र वडसा-गडचिरोलीकडची झाडीबोली आणि यवतमाळची वऱ्हाडी यांतले अंतर विदर्भातल्या प्रेक्षकाला पहिल्या वाक्यात कळते. शेवटी त्याच बाजूची, महाविद्यालयीन एकांकिकांमधून काम केलेली एक तरुणी सापडली. ती मूळ ध्वनिमुद्रण कानात लावून एकेक वाक्य, त्यातल्या श्वासांसकट, म्हणत गेली. त्यानंतर ते मूळ ध्वनिमुद्रण करारानुसार पुसून टाकले. यवतमाळच्या बाईंनी तो आवाज ऐकला आणि, ही पोरगी माझ्यापेक्षा बरी सांगते, असे म्हणून दोन ठिकाणी तिचा सूर बदलून घेतला. एके ठिकाणी तिने रडवेले म्हटले होते. "मी तवा रडली नाही, मले राग आलता," असे बाईंचे म्हणणे पडले.

संकलनाच्या दिवसांत मला अमेरिकन चित्रपटकर्ती बार्बरा हॅमर (१९३९–२०१९) यांच्या कामाचा मोठा आधार वाटला. ऐंशीच्या वर चित्रपट केलेल्या या लेस्बियन दिग्दर्शिकेने १९९२च्या ‘नायट्रेट किसेस’मध्ये पुसल्या गेलेल्या समलैंगिक इतिहासाचा शोध घेताना जे उरलेले नाही त्याची पोकळीही पडद्यावर ठेवली. त्यांचे अनुकरण करण्यासारखी माझी परिस्थिती नव्हती, कारण त्यांच्या चित्रपटांत शरीरे मोकळेपणी दिसतात आणि माझ्याकडे दाखवायला मनगटापुढचे हात होते. पण न दिसणाऱ्या गोष्टीची जागा भरून काढू नये, एवढे मी त्यांच्याकडून घेतले. म्हणूनच जिथे एखादीने आपला तुकडा काढून घेतला, तिथे मी दुसरे दृश्य चिकटवले नाही. रिकाम्या खुर्चीचेही दृश्य घातले नाही, कारण ते फार सोपे झाले असते. तिथे पडद्यावर एवढीच ओळ येते, की या ठिकाणी बोललेली व्यक्ती आता चित्रपटात नाही.

हा प्रसंग खरोखरच आला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला, तेव्हा आमचे संकलन अर्ध्यावर होते. त्या दोन निवृत्त बायकांनी तोवर चेहरे दाखवायला होकार दिला होता. निकाल अनुकूल लागला तर नोंदणी करायची आणि तीही चित्रित करायची, असे ठरले होते. निकालानंतर त्यांनी मला बोलावून घेतले. घर एकीच्या नावावर होते, मृत्युपत्र केलेले होते, पण पुतण्यांनी आव्हान दिले तर दुसरीकडे पत्नी म्हणून दाखवायला काही नव्हते, आणि चित्रपटातली कबुली त्या भांडणात कशी वापरली जाईल हे कोणी सांगू शकत नव्हते. त्यांनी चेहरे काढून घेतले आणि घराविषयीचा सगळा भाग काढायला लावला. चित्रपटातली सर्वांत सुंदर दृश्ये त्यात गेली, हे मी इथे दडवत नाही. त्याच आठवड्यात परिचारिकेचा फोन आला. तिने निकालाच्या बातम्या रात्रपाळीत पाहिल्या होत्या आणि ती इतकी संतापली होती, की आता माझा चेहरा दाखवा, असे म्हणू लागली. तिला आम्ही महिनाभर थांबायला सांगितले. महिन्यानंतरही तिचे म्हणणे तेच राहिले. त्यामुळे आज त्या चित्रपटात माझ्याखेरीज एक चेहरा आहे, तो तिचा.

प्रमाणपत्राच्या टप्प्याविषयी अनेक जण उत्सुकतेने विचारतात, पण तिथे फारसे नाट्य नव्हते. सार्वजनिक प्रदर्शनासाठी १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली प्रमाणपत्र लागते. महोत्सवांत, नोंदणी केलेल्या प्रतिनिधींसमोर दाखवण्यासाठी माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून त्यातून सूट मिळू शकते. २००४च्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाने भारतीय माहितीपटांसाठी प्रमाणपत्राची अट घातली, तेव्हा देशभरातल्या माहितीपटकारांनी विरोध करून ‘विकल्प’ हा समांतर महोत्सव भरवला होता, आणि माझ्या पिढीने हा विषय त्या लढ्याच्या गोष्टींमधूनच शिकून घेतला. आम्ही आधी महोत्सवांचा मार्ग धरला. प्रमाणपत्रासाठी अर्ज करण्याची तयारी करताना आमच्यापुढे प्रश्न उभा राहिला तो वेगळ्याच वस्तूचा, सुपारी-तंबाखूच्या खर्र्याचा. निवृत्त बायकांपैकी एक बोलता बोलता प्लास्टिकच्या तुकड्यात खर्रा घोटते, आणि चेहरा नसलेल्या चित्रपटात त्या हातांची ती लय फार मोलाची होती. तंबाखूचे सेवन पडद्यावर दिसले, तर नियमांनुसार त्या दृश्याखाली इशारा लागतो. शिवाय सुरुवातीला आणि मध्ये आरोग्य संदेशाची चित्रफीत व निवेदन घालावे लागते. ५२ मिनिटांच्या चित्रपटाच्या मध्यावर, एक बाई आपल्या पहिल्या प्रेमाविषयी बोलत असताना, कर्करोगाची सूचना येणार होती. मी ते दृश्य काढले. सुपारी कातरतानाचे दुसरे घेतले, जे त्या बाईंच्या मते साफ खोटे दिसते.

नागपुरातला पहिला खेळ त्या पाच जणींसाठी होता. पैकी चौघी आल्या आणि एकमेकींना त्यांनी तिथेच प्रथम पाहिले, अर्थात त्या जोडीचा अपवाद वगळून. त्यानंतर निमंत्रितांसाठी एका छोट्या सभागृहात प्रयोग केला. चर्चेत एका गृहस्थांनी, चेहरेच नाहीत तर या बायका खऱ्या आहेत कशावरून, असे विचारले. मागच्या रांगेत त्यांतल्या दोघी ओढणी घेऊन बसल्या होत्या आणि मी उत्तर काय देते हे त्यांना ऐकायचे होते. संमतीपत्रे आहेत, ती वकिलाकडे आहेत, आणि ती आपल्याला दाखवण्यासाठी नाहीत, एवढेच मी सांगितले. गृहस्थांचे समाधान झाले नाही. चहाच्या वेळी त्यांच्या पत्नीने माझा फोन नंबर घेतला. का, ते तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

चित्रपट इंटरनेटवर उपलब्ध नाही आणि नजीकच्या काळात होणार नाही, कारण पाचपैकी तिघींनी त्या रकान्यापुढे नकार लिहिला आहे आणि तो दरवर्षी पुन्हा विचारायचा असे ठरले आहे. वर्धा, अमरावती, चंद्रपूर इथली महाविद्यालये किंवा महिला गट बोलावतात तेव्हा मी हार्ड डिस्क घेऊन स्वतः जाते, प्रवासखर्च घेते आणि डिस्क परत घेऊन येते. सध्या मी सावजी खानावळींत मसाला वाटणाऱ्या स्त्रियांवर काम करते आहे. त्यात लपवण्यासारखे कोणाला काही वाटत नाही, तरी संमतीपत्र मी तेच वापरते. तीन-तीनदा कशाला विचारता, असे म्हणून तिथल्या बायका हसल्या. मग दुसऱ्या फेरीला त्यांच्यातल्या एकीने मालकाविषयी बोललेला भाग काढायला सांगितला आणि तिसऱ्या फेरीला तो पुन्हा घालायला लावला.